सहा काड्या, चार त्रिकोण

मेहरूणला उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या खेळघरात मुलं जमतात, तेव्हा दुकानातले जोडखेळ मी आता काढत नाही. चित्र एकदा जुळलं की खेळ संपला, आणि काय जुळवायचं तेही आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं. त्यापेक्षा काडेपेट्या आणि सायकलच्या दुकानातली वॉल-ट्यूब बरी. काड्यांचं गूल खरडायचं, नळीचे छोटे तुकडे कापायचे, दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचली की झाला सांधा.

ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरला शिकलेले गुप्ता पुण्यात टेल्कोत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांना हे काड्यांचे सांगाडे सुचले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना यातलं ऐकायला आवडतं ते एवढंच, की इतका मोठा माणूस काड्यांशी खेळत होता.

मुलांना मी कोडं घालते : सहा काड्यांत चार सारखे त्रिकोण करा. सगळे फरशीवर काड्या मांडत बसतात. त्रिकोण दोनच होतात. कुरबुर सुरू होते, काहीजण रुसतात. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं खरं काम, आणि ते फार अवघड आहे. मग एखादी पोर त्रिकोणाच्या सांध्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात काडी उभी करते. तिन्ही कोपऱ्यांतल्या काड्या वर एकत्र आल्या की एकच आरडाओरडा.

चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही, हे त्यांना हातांनीच कळतं. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलाने यंदा त्यावरून केळीला द्यायचा टेकू केला : दोन काड्यांची कात्री, मध्ये खोड. वादळात केळी आडवी झालेली त्याने पाहिली होती. घड म्हणून त्याने चिंचोका लटकवला आणि विचारलं, "ताई, घड एकाच बाजूला लोंबतो, मग टेकू कुठून द्यायचा?"

मी उत्तर दिलं नाही. घरी वडिलांना विचारून तो दुसऱ्या दिवशी आला, दोन्ही काड्या चिंचोक्याच्या बाजूला सरकवल्या आणि पंखा लावायला सांगितला. पंखा कोणत्या दिशेने लावायचा, यावर मग बाकीची मुलं भांडायला लागली.