बोलायची हौस

गुंगेरियाच्या तांब्यापुढे मुलं आपणहून थांबत नाहीत. नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, सहली फिरवताना प्रस्तुत लेखिकेने हे इतकं पाहिलंय की त्या कपाटाजवळ येताच तिचा आवाज आपोआप चढतो. १८७० साली बालाघाटकडच्या गुंगेरियात तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे एकत्र सापडले. नुसतं तांबंच जवळपास पावणेचार क्विंटल! क्विंटल म्हटलं की कापूस-संत्र्याच्या मुलखातली पोरं कान टवकारतात. त्यातलं काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं म्हटलं की चिडतातही.

पण ती बघतात कुणाकडे? बाईंकडे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या पाहणीत, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रेक्षक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद रेंगाळल्याचं आढळलं. लेखिकेच्या गटातली पोरं पाच-पाच मिनिटं उभी राहतात, याचा तिला फार दिवस तोरा होता. ती पाच मिनिटं तांब्याच्या वाट्याला किती आली, हे तिने कधी मोजलं नाही.

गेल्या हिवाळ्यात रामाकोन्याच्या शाळेची सहल आली. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, रामाकोना मध्य प्रदेशातच राहिलं; तरी लेखिकेचं माहेर तिकडचं, म्हणून हा गट ती दुसऱ्या कुणाला देत नाही. त्या दिवशी घसा बसला होता. गट सौंसरच्या शिकाऊ मुलीकडे गेला.

मुलीने १८७० सांगितलं नाही, लंडन सांगितलं नाही. "काय दिसते?" एवढंच विचारून ती बाजूला झाली. मिनिटभर नुसती चुळबुळ. मग एक पोरगा म्हणाला, "सब्बल व्हय."

"कशावरून?"

"एकाच टोकाले धार हाय ना!"

"अन् काय दिसते?"

पोरं काचेला नाक लावून भांडू लागली. अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांच्या, बघणाऱ्यालाच बोलतं करणाऱ्या पद्धतीतले हेच ते तीन प्रश्न. लेखिकेने ते कितीदा कार्यशाळांतून शिकवलेत. विचारल्यावर गप्प राहणं मात्र तिला आजही जमत नाही. उत्तर यायच्या आत ती स्वतःच देऊन मोकळी होते.

टचस्क्रीन, लेझर शो आणि गळ्यात माइक अडकवलेले गाईड यांच्यावर ती तावातावाने बोलते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमधून संग्रहालयच गावोगाव नेलं, त्याचं तेवढं कौतुक करते. पण माइकवाल्याला हवी असते तीच दाद तिलाही हवी असते. निघताना गुरुजी "मॅडम, काय बोलता हो!" म्हणाले की दिवस सोन्याचा होतो. त्या दिवशी गुरुजी शिकाऊ मुलीला काहीच म्हणाले नाहीत. लेखिकेला त्याचं बरंच वाटलं.

आता विभागाची प्रमुख म्हणून वेळापत्रक तीच लावते. तांब्याचं कपाट तिने मुलीकडे दिलंय. शेजारचं शिल्पदालन स्वतःकडे ठेवलंय. तिथलं भाषण अजून एका वाक्यानेही कमी झालेलं नाही.