कमी मार्क आणि कॉलेजांची यादी



आज पाठ्यपुस्तकातला विषय नाही, घरातला आहे. पण बारावी सायन्सचं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी नीटला बसली होती. ७२० पैकी ४१२ मार्क पडले. निकालाच्या दिवशी मी फोनवर पटकन बोलून गेले, "अजून थोडा अभ्यास करायला हवा होतास गं." रोज पहिलीच्या मुलांना "चुकलं तरी चालेल" म्हणणारी मी, आणि भाचीला हे बोलले! ती फक्त "हो मावशी" म्हणाली. ते "हो" मला अजून आठवतं.

आठ दिवसांनी ताईकडे गेले. घरात सुतकच होतं म्हणा ना. कुणा एजंटचा फोन आला होता, मॅनेजमेंटमधून सीट मिळवून देतो म्हणून. दाजी एक एकर विकायचं बोलत होते. ताईचं म्हणणं, फॉर्ममध्ये पाचच कॉलेजं टाकायची, सगळी सरकारी एमबीबीएस. नाही मिळालं तर रिपीट.

मी म्हटलं, आधी नीट बसून बघू तरी. मग मी आणि भाची गेल्या वर्षीच्या प्रवेशयाद्या उघडून बसलो. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिलं म्हणजे, मार्कांवरून तुलना करू नका, क्रमांकावरून करा. पेपर सोपा की अवघड, यावर दरवर्षी त्याच मार्कांचा क्रमांक बदलतो. आपल्या प्रवर्गात प्रत्येक कॉलेजला शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला, ते बघायचं.

दुसरं, यादी आपल्या आवडीच्या क्रमाने लावायची. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. यादीतलं, आपल्या क्रमांकाला मिळू शकणारं सगळ्यात वरचं कॉलेज मिळतं. पण जिथे जायचंच नाही, ते नाव टाकू नये. आणि पाचच नावं टाकून थांबूही नये.

तिसरं, सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून भरतात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. तिकडची नोंदणी वेगळी करावी लागते. एमबीबीएस-बीडीएस, बीएएमएस-बीएचएमएस आणि फिजिओथेरपीसारखे कोर्स यांचे पसंतीक्रमही वेगवेगळे भरावे लागतात. प्रत्येक फेरीचे नियम माहितीपत्रकात वाचूनच पुढे जा.

चौथं पैशाचं. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंटच्या सीटला ही सवलत नाही. हे दाजींना वाचून दाखवलं, तेव्हा जमिनीचा विषय थांबला.

गेल्या वर्षीचे आकडे बघितले तर सरकारी एमबीबीएसचे शेवटचे क्रमांक भाचीच्या बरेच पुढे होते. तरी तिच्या आईसाठी ती नावं वर ठेवली. मग मी विचारलं, "आता तुला काय हवंय ते सांग." ती बराच वेळ गप्प. नंतर म्हणाली, "मावशी, हे मला कुणी विचारलंच नाही. आजीचा खुबा मोडला तेव्हा मीच तिला फिजिओथेरपीला न्यायचे. मला ते काम आवडलं होतं. पण आई म्हणते, ते काय डॉक्टर असतं का?"

मला माझी बारावी आठवली. मार्क कमी पडले आणि घरच्यांनी "निदान डीएड तरी कर" म्हणून फॉर्म आणून दिला. त्यातलं "निदान... तरी" मला कितीतरी वर्षं टोचत होतं. वर्गात उभं राहिल्यावर कळलं की काम माझंच होतं, फक्त ते माझ्या हातात पडलं कमीपणाचं लेबल लावून.

भाचीला दुसऱ्या फेरीत फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. ताई महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. अजूनही ती शेजाऱ्यांना "मेडिकलला आहे" एवढंच सांगते. भाची मात्र सुट्टीत आली की आजीला अंगणात चालवते, पावलं मोजते, आणि आजी कंटाळली की दटावतेसुद्धा.

पालकहो, मार्क कमी पडले की यादी करायला आपण बसतो आणि मूल बाजूला उभं राहतं. पेन त्याच्या हातात द्या. आणि शिक्षकांनो, निकालाच्या दिवशी फोन केलात तर आधी एवढंच विचारा, "जेवलास का? जेवलीस का?" मी तेवढंही विचारलं नव्हतं.