आधी मंजुरी, मग मूल

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्याने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं की पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो: "नात्यातलंच घ्या." आम्हालाही तोच मिळाला. नवऱ्याच्या चुलतभावाला तीन मुली, परिस्थिती बेताची. गावाकडच्या वकिलांनी फोनवर एका दमात सांगून टाकलं, "दत्तकपत्र करू, रजिस्टर करू आणि धाकटीला घेऊन जा." त्या फोनवर दीर बोलले, सासूबाई बोलल्या, मुलीची आई मात्र एक शब्द बोलली नाही. मला तिथेच थांबावंसं वाटलं.

नंतर कायदा वाचला, आणि थांबलो ते बरं झालं असं दोघांनाही वाटलं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने केलेलं दत्तकविधान भारतात वैध असतं. पण मूल परदेशात न्यायचं तर 'कारा'चं, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, नाहरकत प्रमाणपत्र लागतंच. 2015 च्या बाल न्याय कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा, एवढेच. चुलतभावाचं मूल त्यात बसत नाही. शिवाय मुलाचे दोन्ही आईवडील हयात असतील, तर त्याचा नीट सांभाळ करायला ते असमर्थ आहेत हे अमेरिकेला दाखवावं लागतं. हा नियम मला योग्यच वाटतो. गरिबीमुळे गप्प राहिलेल्या आईची संमती ही संमती नव्हे.

भारत 2003 पासून आणि अमेरिका 2008 पासून 1993 च्या हेग कराराने बांधलेले आहेत. त्या कराराचा गाभा म्हणजे कामांचा क्रम. आधी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून आय-800ए या अर्जावर तुम्ही पालक म्हणून पात्र ठरायचं. मग 'कारा'मार्फत मूल सुचवलं जातं. मग त्या विशिष्ट मुलासाठी आय-800 ची तात्पुरती मंजुरी, दूतावासाचं पत्र, 'कारा'चं नाहरकत प्रमाणपत्र, आणि त्यानंतरच भारतात दत्तकाचा आदेश. आधी दत्तक आणि मग अर्ज असा उलटा प्रवास केलेली कुटुंबं व्हिसाच्या खिडकीशी अडकतात. तोवर मूल त्यांना आई-बाबा म्हणू लागलेलं असतं, म्हणून हे अडकणं जास्त क्रूर होतं.

आमची नोंदणी 'कारा'ने अधिकृत केलेल्या इथल्या संस्थेमार्फत झाली. गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेने स्मोक अलार्म वाजवून पाहिला, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का ते तपासलं, पगाराचे कागद चाळले. चहा घेताना तिने विचारलं, "मुलीने तिच्या जन्मदात्या आईबद्दल विचारलं तर काय सांगाल?" नवऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या प्रश्नावर आम्ही पुढे पुष्कळ रात्री बोललो. आज आमच्याकडे जे उत्तर आहे, ते त्या गृहभेटीनेच आमच्याकडून घडवून घेतलं.

पुढे एका मुलीचा बाल अध्ययन अहवाल आला. वय चार, टाळूला जन्मतः फट, एक शस्त्रक्रिया झालेली. वैद्यकीय अहवाल इथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला आणि होकार कळवला. तिच्या फाइलमध्ये बालकल्याण समितीचा आदेश होता: हे मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं आहे. आईने मूल स्वाधीन केलं असेल तर निर्णय फिरवायला तिला साठ दिवस मिळतात, आणि ते सरल्यावरच हा आदेश निघतो. तो कागद मी हातात धरून बराच वेळ वाचला. कुणा बाईला फेरविचाराची संधी मिळाली होती, हे मला कळायला हवं होतं.

2022 च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमचाही तिथेच झाला. दालनाबाहेरच्या बाकावर ती संस्थेतल्या मावशींच्या मांडीवर बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मावशींनी तिचा हात उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हिला वरण-भात गरमच लागतो बरं का, गार झाला की खात नाही." सरकारी फाइलमध्ये नसलेली ही एवढी एकच माहिती मला मिळाली, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त उपयोगी तीच पडली.

मग आमच्या नावासह जन्मदाखला, पासपोर्ट, हेग करारानुसार 'कारा'चं प्रमाणपत्र आणि आयएच-3 व्हिसा. या व्हिसावर आलेलं अठरा वर्षांखालचं मूल, आईवडिलांपैकी एक अमेरिकी नागरिक असेल तर, त्यांच्या घरी राहायला येताच नागरिक होतं आणि प्रमाणपत्र टपालाने येतं. पुढची दोन वर्षं मुलीच्या प्रगतीचे अहवाल भारतात पाठवावे लागतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाही. काहींना याचा जाच वाटतो. मला नाही वाटला. ज्या देशाने मूल सोपवलं, त्याने त्याची चौकशी करायलाच हवी.

शेवटी एक विनंती, विशेषतः ज्येष्ठ वाचकांना. नागरिकत्व आपोआप देणारा अमेरिकेचा कायदा 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू झाला आणि त्या दिवशी ज्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली होती, ते त्यातून सुटले. पूर्वी दत्तक आलेल्या कित्येकांना आपण नागरिक नाही हे चाळिशी-पन्नाशीत कळलं आहे. तुमच्या घरात, मंडळात असं कुणी असेल, तर आजच त्यांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र शोधा. सापडलं नाही तर जाणकार इमिग्रेशन वकिलाला गाठा.