काडतुसाच्या बुडावरची अक्षरं

धुळ्याहून नागपूरकडे जाणारा हायवे (पूर्वीचा ६ नंबर, आता ५३) पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत पुढे निघाला की मुक्ताईनगरच्या आधी वरणगाव लागतं. माझं सासर धुळ्याचं, आजोळ वरणगावचं आणि घर जळगावात. त्यामुळे अर्धं आयुष्य याच रस्त्यावर एस्टीत गेलं म्हणायला हरकत नाही.

वरणगावात नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं की पुरतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर उभा राहिलेला हा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. रायफलींच्या गोळ्या इथे बनतात, इन्सासची ५.५६ मिलिमीटरची गोळीसुद्धा. भुसावळला आणखी एक कारखाना आहे, तो याच्याहून जुना. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना ‘मुलगा फॅक्टरीत आहे’ एवढं कळलं की बाकीच्या चौकशा आपोआप कमी होतात. आयटीआय करणाऱ्या पोरांचं स्वप्नही तेच.

माझे मामा तिथून तपासणी विभागातून रिटायर झाले. लहानपणी त्यांनी मला एक रिकामी पुंगळी दाखवली होती. तिच्या बुडावर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली: ओ, एफ, व्ही. म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. पुढे वर्ष. माझ्या आजोळचं नाव पितळेवर कोरून सियाचीनपर्यंत जातं याचा मला कोण अभिमान होता! अजूनही आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून नातेवाईकांचे फोन येतील.

तर मुद्दा असा. १ ऑक्टोबर २०२१ ला या सगळ्या कारखान्यांचं जुनं बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव गेलं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ गेलं नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. मामांच्या पिढीला गिऱ्हाईक एकच माहीत होतं, आपलं लष्कर (झालंच तर पोलीस). कंपनी म्हटल्यावर ऑर्डरी आल्या, टार्गेट आलं, निर्यात आली. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी झाली. आकडा आला की पेपरात पेढे वाटल्यासारख्या बातम्या येतात. कोणाला विकलं, हे त्या बातम्यांत अगदी शेवटी असतं किंवा नसतंच.

एक गिऱ्हाईक म्यानमार. तिथे १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि तेव्हापासून ते आपल्याच गावांवर बॉम्ब टाकत आलं आहे. संयुक्त राष्ट्रांचे तिथले विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये एक अहवाल दिला. सत्तापालटानंतर त्या लष्कराला कुठून किती माल गेला याचा हिशोब त्यात आहे. रशिया, चीन, सिंगापूर यांच्यामागे आपलं नाव, सुमारे ५.१ कोटी डॉलर. त्याच वर्षी जस्टिस फॉर म्यानमार या गटाने सांगितलं की यंत्र इंडियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १२२ मिलिमीटरच्या तोफांच्या नळ्या तिकडे पाठवल्या. भुसावळचं काम वेगळं, तिथे खोकी, पिंपं आणि पिनाकाचे पॉड होतात. पण कंपनी तीच, ताळेबंद तोच.

दुसरं गिऱ्हाईक इस्रायल, आणि इथे खानदेशी माणसाची जीभ जरा अडखळते. आपल्याकडे इस्रायल म्हणजे ठिबक. केळीच्या बागेत नळी फिरली ती त्या देशाचं नाव घेऊनच. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये नानदान या इस्रायली कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये ती पूर्ण घेतली. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला इस्रायलबद्दल वाटणारा आदर पुस्तकी नाही, तो पाण्याच्या थेंबातून आलेला आहे. शिवाय १९९९ च्या कारगिलमध्ये त्यांनी आपल्याला अडीला नडीला माल दिला, हेही खरं. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने तिथली बाराशे माणसं मारली, तेही विसरायचं कारण नाही.

पण त्यानंतर गाझात जे झालं त्याला काय म्हणायचं? मेलेल्यांचा आकडा ६०,००० च्या पुढे गेला आणि त्यात मुलं किती! २६ जानेवारी २०२४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहार रोखण्यासाठी इस्रायलला अंतरिम आदेश दिले. त्या बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते. अंतिम निकाल अजून नाही आणि इस्रायल आरोप नाकारतं. पण १९५९ मध्ये आपण मान्य केलेल्या वंशसंहारविरोधी करारात मारणाऱ्याइतकंच साथ देणाऱ्यालाही गुन्हेगार धरलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये मानवाधिकार परिषदेत इस्रायलला शस्त्रं देणं थांबवा असा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. पुढच्याच महिन्यात चेन्नईहून हैफाला स्फोटकं घेऊन निघालेलं ‘मारियान डानिका’ हे जहाज स्पेनने आपल्या बंदरात येऊ दिलं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये काही निवृत्त अधिकारी आणि अभ्यासक सुप्रीम कोर्टात गेले. प्रशांत भूषण त्यांचे वकील. इस्रायलला निर्यातीचे परवाने मिळालेल्या कंपन्यांत त्यांनी दोन खासगी कंपन्यांबरोबर म्युनिशन्स इंडियाचं नाव दिलं होतं. म्हणजे वरणगावच्या मालकाचं. ९ सप्टेंबरला कोर्टाने याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, त्यात आम्ही शिरणार नाही, शिवाय झालेले करार मोडले तर जबाबदारी येईल, असा एकूण सूर. कायद्याने ते बरोबरही असेल. पण कोर्ट म्हणतं हे सरकारचं काम, सरकार म्हणतं हे गुपित, आणि मामा म्हणतात, “गोयी बनवनं आपलं काम. ते कुठी जाते हे आपल्याले कोन सांगते?” मग हे कुणाचं काम आहे?

यावर घरात वाद झाला. दीर म्हणाले, आपण नाही विकलं तर दुसरा विकेल, मग आपल्याच पोरांच्या नोकऱ्या का घालवायच्या? मला हे पटत नाही, आणि न पटायला कारण धुळ्याच्याच घरातलं आहे. सासरे (आता नाहीत) १९७१ च्या गोष्टी फार रंगवून सांगायचे. कोटभर निर्वासित, रात्री कानाला लावलेला ट्रान्झिस्टर, आणि अमेरिकेवरचा राग. बंगाल्यांची कत्तल करणाऱ्या याह्याखानाला निक्सन पाठीशी घालतो, ही लोकशाही कसली, असं ते तावातावाने म्हणत. तो राग अगदी रास्त होता. ढाक्यातला अमेरिकेचाच वकील, आर्चर ब्लड, याने ६ एप्रिल १९७१ ला आपल्या सरकारला निषेधाची तार केली आणि त्याची तिथून उचलबांगडी झाली. बंदी जाहीर करूनही जुन्या परवान्यांवरचा माल पाकिस्तानला जातच होता. (‘झालेले करार’ तेव्हाही होते!) जुलैमध्ये ‘पद्मा’ नावाचं पाकिस्तानी जहाज बाल्टिमोरला यायचं होतं, तेव्हा तिथली काही साधी माणसं छोट्या होड्या घेऊन त्याच्या वाटेत उभी राहिली. पोलिसांनी त्यांना पकडलं, जहाज गेलं. ‘आपण नाही दिलं तर चीन देईल’ हे त्यांनाही कोणीतरी ऐकवलंच असेल. आपण मात्र त्या होडीवाल्यांच्या बाजूचे होतो.

आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही असंही नाही. १९४६ मध्ये, अजून स्वातंत्र्यही मिळालेलं नसताना, भारताने वर्णभेदावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. नुकसान आपलंही झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच बंदर कामगारांच्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केलं की इस्रायलला जाणारी शस्त्रं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. सुप्रीम कोर्टाला जे आपलं काम वाटलं नाही ते हमालांना वाटलं.

फॅक्टरी बंद करा असं मी म्हणत नाही. सीमेवरच्या जवानाला गोळी लागणारच, आणि ती वरणगावची असावी. माझं मागणं त्याच्या अलीकडचं आहे: माझ्या नावाने आणि माझ्या माणसांच्या हातांनी काय विकलं जातं ते मला सांगा. माहिती अधिकार कायद्यात कलम ८ आहे, त्याचं पहिलंच पोटकलम देशाची सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचं. त्यावर बोट ठेवून नकार येईल, हे न शिकलेलाही सांगेल.

मामांना मी विचारलं, आतमध्ये हिशोब कसा असतो? त्यावर ते खुलले. प्रत्येक लॉटला नंबर, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, कोणी तपासलं, सगळं लिहिलेलं. एखादी गोळी कुठे फुसकी निघाली तर कागद उलट चालत तपासणाऱ्याच्या टेबलापर्यंत येतो. त्यांच्या नोकरीत एकदा आला होता. आठ दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं.

अर्ज लिहून तयार आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डरही आणली. पुण्याला पाठवायचा. गेल्या पाच वर्षांत कोणत्या देशांना माल गेला, परवानगी देताना तिथे तो कशासाठी वापरला जाईल हे तपासलं का, आणि कधी कुठल्या देशाला नाही म्हटलं का, एवढंच विचारलं आहे. अडलंय ते मामेभावावर. तो अजून फॅक्टरीत आहे, बढतीची यादी दिवाळीनंतर लागते. मामी म्हणाल्या, तोपर्यंत थांब. मामा म्हणाले, तुझ्या सासरच्या नावाने आणि जळगावच्या पत्त्याने टाक, उद्याच टाक.