वाटीला वाटी

तुर्भ्याच्या दाणा मार्केटात तांदूळ क्विंटलच्या भाषेत बोलला जातो. तोच तांदूळ नेरूळ-घणसोलीच्या एखाद्या ओट्यावर आला, की त्याचं वजन कुणी विचारत नाही. तिथे वाटीचं राज्य. काटा ओझं मोजतो, वाटी जागा मोजते आणि प्रत्येक धान्य ती जागा आपल्या पद्धतीने अडवतं.

माझ्या वाटीत 150 ग्रॅम पाणी मावतं. साखर भरली तर सुमारे 125 ग्रॅम, कणीक साधारण 80, पातळ पोहे तर त्याहून कितीतरी हलके. कणीक चाळून घेतली की अजून कमी, दाबून भरली की जास्त. वाटी सपाट की शिगोशीग, यानेही हिशेब बदलतो.

हा दुहेरी हिशेब आपल्याकडे जुनाच. तोलायचा शेर 80 तोळ्यांचा. मापायचा शेर दोन मापट्यांचा, आणि चार शेरांची पायली. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. 1956च्या कायद्याने तोळे-शेर गेले, ग्रॅम-किलो आले. स्वयंपाकघरात मात्र माप टिकलं. 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली ती वाटी-चमच्याचं प्रमाण घेऊन. त्याच वर्षी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. गाव आणि आई मागे ठेवून या नव्या शहरात संसार मांडणाऱ्या मुलीला अशा प्रमाणाचा केवढा आधार वाटला असेल!

चकलीची भाजणी मला म्हणूनच फार आवडते. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. किलोने घ्या नाहीतर वाटीने, प्रमाण फारसं हलत नाही, कारण तिन्ही दाणे जवळपास सारख्याच वजनाने वाटी भरतात. मोदकाच्या उकडीचं तसं नाही. तिथे पिठीला वाटी तर पाण्यालाही वाटी. पण पिठीची वाटी 100 ग्रॅमही भरत नाही. कुणी काट्यावर दोन्ही सारख्या वजनाने घेतलं, तर उकड कोरडी होते आणि पारीला चिरा पडतात.

घरातली जुनी वाटी अशी सांभाळायला हवी. तिच्यात काठोकाठ पाणी भरून ते काट्यावर तोलावं. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तो आकडा पाककृतींच्या वहीत पहिल्या पानावर लिहावा. त्याखाली आपली पिठी, आपला रवा, आपले पोहे एकेक वाटी तोलून लिहीत जावं. मग लेक पुण्याला असो की टोरंटोला, आजीची वाटी तिच्याजवळ नसली तरी आजीचं प्रमाण तिच्या हाती असेल, आणि तिच्या मोदकाची पारी फाटणार नाही.