न वळणारी गाडी

क्वाड बाइक म्हणजे उद्दामपणा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. मिशिगनमध्ये उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पिकअपची रांग उत्तरेकडे निघते, मागच्या ट्रेलरवर फुगीर चाकांच्या या गाड्या आवळून बांधलेल्या असतात. ती रांग दिसली की माझ्या मनात त्या माणसांबद्दल अढी बसायची. यांना शांतता नको असते, पेट्रोल जाळून वाळू उडवली की यांची सुट्टी सार्थकी लागते. एवढा निवाडा मी नुसत्या ट्रेलरवरून करत होतो. त्यांच्यातल्या एकाशीही मी कधी बोललो नव्हतो.

या अढीला मी धंद्याचं कारण चिकटवलं होतं. माझं काम मोटारींच्या स्टॅबिलिटी कंट्रोलचं. गाडी घसरू लागली की एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून ती सावरणारी ही यंत्रणा अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे. आमच्या हिशेबात चालक म्हणजे चुकांचा उगम. त्याने चाक जास्त वळवलं, ब्रेक उशिरा दाबला, तरी गाडीने त्याला सांभाळून घ्यायचं. माणसावर जितकं कमी विसंबावं लागेल तितकं यंत्र चांगलं, हे मी इतकी वर्षं मानत आलो की ते फक्त एक मत आहे, हेही विसरलो.

भीती मात्र खोटी नव्हती. होंडाने १९७० साली तीन फुगीर चाकांची पहिली गाडी अमेरिकेत आणली, तिला सस्पेन्शन नव्हतं. धक्के सोसायचे ते टायरनीच. पुढे या तीनचाकींवरून पडून इतकी माणसं, इतकी लहान मुलं जखमी झाली, मेली, की १९८८मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या करारात कंपन्यांना त्यांची विक्री थांबवावी लागली. तोवर सुझुकीने चारचाकी आणली होती, ती टिकली. तरी आजही या देशात दरवर्षी शेकडो माणसं या गाड्यांवर जीव गमावतात. हे आकडे मला ठाऊक होते आणि मी ते ढालीसारखे पुढे धरत होतो.

मुलीने स्वतःच्या कमाईतून जुनी होंडा टीआरएक्स २५० एक्स घेतली, तेव्हा ती सज्ञान होती. अडवणं माझ्या हातात नव्हतं. मग मी गॅरेजमध्ये गाडीखाली शिरलो. तपासणी करतोय असं तिला सांगितलं, पण शोधत होतो उणिवा.

एक लगेच सापडली. मागच्या दोन्ही चाकांमध्ये एकच सलग आख होता, डिफरन्शियल नव्हतं. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला हवीत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. बैलगाडीची चाकं आखावर सुटी फिरतात, म्हणून ती बांधावरून सहज वळते. इथे मात्र दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली. क्लचही मला अर्धामुर्धा वाटला. हाताशी लिव्हर आहे, ओढली तर क्लच सुटतो. पण थांबताना ओढायची विसरलात तरी इंजिन बंद पडत नाही, आतला स्वयंचलित क्लच आपणच सुटतो. ना धड मॅन्युअल, ना धड ऑटोमॅटिक. ‘बैलगाडीला जमतं तेवढंही या गाडीला जमत नाही,’ मी मुलीला म्हणालो.

‘बाबा, तू मॅन्युअल वाचलंस?’

नव्हतं वाचलं. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्या माणसाने एक यंत्र मोडीत काढलं होतं, आणि त्याचं पुस्तक उघडलंही नव्हतं.

त्यात जे होतं त्याचा मथितार्थ असा: दोन्ही मागची चाकं एकाच गतीने फिरतात, म्हणून ही गाडी वळायला विरोध करणारच. आतल्या बाजूचं चाक थोडं घसरू दिलं तरच ती वळेल. त्यासाठी बाहेरच्या बाजूच्या पायावर भार द्या, छाती-खांदे वळणाच्या आत झुकवा, थ्रॉटल स्थिर ठेवा. मी जी उणीव समजून बसलो होतो ती त्यांना पूर्ण ठाऊक होती. फक्त उपाय त्यांनी आखात न ठेवता स्वाराच्या अंगात ठेवला होता.

वाचून पटलं, असं म्हणवत नाही. सिल्व्हर लेकला मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे गाड्या चालवायला परवानगी असते. टेकडीपलीकडच्याला दिसावं म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला नारिंगी झेंडा लावावा लागतो. सपाट वाळूवर हेल्मेट घालून मी बसलो आणि मोटारीत वळतो तसा वळलो: अंग ताठ, फक्त हात फिरवले. पुढची चाकं वळली, गाडी सरळच जात राहिली. पुढच्या चाकांनी वाळूत नांगरल्यासारखी रेघ ओढली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला मनातून समाधान वाटत होतं, बघा, म्हटलं नव्हतं! आज त्या समाधानाची लाज वाटते. मुलगी माझ्यासाठी उन्हात उभी होती आणि मी तिची गाडी वाईट ठरावी म्हणून ती वाईट चालवत होतो.

‘डावीकडे वळतोयस ना? मग उजवा पाय दाब,’ ती ओरडली.

दाबला. खांदे डावीकडे नेले. अंगठ्याने थ्रॉटल होता तसा धरून ठेवला. या गाड्यांत तो मुठीत नसून अंगठ्याशी का असतो, ते त्या क्षणी कळलं: अंग फेकताना हात हँडल ओढतातच, मूठ फिरणारी असती तर इंजिन नको तेव्हा उसळलं असतं. आणि मग आतलं चाक सुटलं. आधी कमरेला जाणवलं, कानाला नंतर. मागची बाजू हलकेच बाहेर सरकली, नाक वळणात शिरलं आणि गाडी फिरली, पावणेदोनशे किलोंच्या आसपासचं ते धूड माझ्या एका पायाच्या दाबाने फिरलं. मी पाय सैल केला, तशी ती पुन्हा सरळ झाली. टायरमध्ये हवा फक्त तीन-चार पीएसआय, मोटारीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. म्हणून ती वाळूवर पसरून धरही देतात आणि सुटतातही सावकाश, सूचना देऊन. जे चाक घसरू नये म्हणून मी उभं आयुष्य गणितं मांडली, ते मी स्वतः, हवं तेव्हा, हवं तितकं घसरवत होतो.

मग तो क्लचही कळला. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे येणं, उलटणं, हा इथला मोठा धोका. नवख्याचा क्लच चुकणार हे धरून त्या चुकीची शिक्षा काढून टाकली आहे. साखळीऐवजी बंदिस्त शाफ्ट दिला, म्हणजे वाळूने खाल्लेल्या साखळीची काळजी नको. रिव्हर्स गिअर दिला, म्हणजे अडकलात तर उतरून ढकलायला नको. इंजिन २२९ सीसीचं, हवेवर थंड होणारं, साधं. पण वळण मात्र सोपं केलेलं नाही. शिकणाऱ्याला काय माफ करायचं आणि काय नाही, हे कुणीतरी फार विचाराने ठरवलं होतं. माझ्या क्षेत्रात आम्ही सगळंच माफ करत आलो, आणि मोटारींच्या रस्त्यावर ते योग्यच आहे. पण माणसाचं अंग यंत्राचा भाग म्हणून धरता येतं, ही कल्पनाच मी करू शकलो नव्हतो.

त्या संध्याकाळी शेजारच्या ट्रेलरवाल्या गृहस्थाने आपणहून पंप आणून दिला आणि टायरमधली हवा तपासायला शिकवलं. निवृत्त शिक्षक होते ते.

भीती गेलेली नाही. डांबरावर ही गाडी आजही नको, तिथे आतलं चाक घसरत नाही आणि गाडी उलटते. आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. लोणावळ्याच्या परिसरात, कोकणातल्या किनाऱ्यांवर अशा गाड्या भाड्याने फिरवतात. मागच्या भेटीत पाहिलं, बाप पुढे, पोर मागे, दोघांच्याही डोक्याला काही नाही. सीट लांब दिसते म्हणून दोघं बसतात. ती लांबी दुसऱ्यासाठी नसते. एकट्या स्वाराला चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आत सरकता यावं म्हणून ती असते. मागे माणूस बसला की स्वार हलू शकत नाही, आणि जी गाडी स्वाराच्या हलण्यावर वळते तिचं वळणंच काढून घेतल्यासारखं होतं. भाडं घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी एवढं सांगावं, हेल्मेट द्यावं, एकालाच बसवावं. मी त्या दिवशी पुढे होऊन त्या बापाला सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला सांगणार आहे.