शोधण्याची मजुरी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या सक्तीच्या झाल्या, तेव्हा यवतमाळच्या आर्णी रोडवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे की ऑटो इलेक्ट्रिशियनचा धंदा आता बुडाला. बिघडली की गाडी नागपूरला न्यायची, स्कॅनर लावायचा, तो म्हणेल तो पार्ट बदलायचा. यात आमच्यासारख्याचं काम काय? हे मत नुसतं रागाच्या भरातलं नव्हतं. रिले, फ्यूज, हॉर्न, वायपर यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला बॉनेटखाली ते काळे डबे दिसले की दुसरं काही सुचणंच अवघड. आज ते मत राहिलेलं नाही. म्हणजे, बरंचसं राहिलेलं नाही.

ते हललं २०२३ च्या पावसानं. २२ जुलैला जिल्ह्यात पाणी असं चढलं की महागाव तालुक्यातल्या आनंदनगरच्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. यवतमाळ शहरातही घरांत पाणी शिरलं, मग गाड्यांचं काय विचारता. पाणी ओसरलं, लोकांनी गाड्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, त्या चालूही झाल्या. खरा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. गालिच्याखालची ओल लवकर जात नाही, कपलरच्या पिनांवर हिरवा गंज धरतो आणि मग बिघाड लपंडाव खेळतो. सकाळी गाडी उठत नाही, दुपारी मुकाट्यानं चालते.

त्यातलीच एक गाडी घाटंजीकडून आली. मीटरवर एबीएस, स्टिअरिंग, चेक लाईट, सगळे दिवे एकदम. कुणीतरी मालकाला सांगून ठेवलं होतं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. ते म्हणाले, ‘‘भाऊ, ईसीएमचे पैसे म्हणजे या सालचा अर्धा कापूस गेला जी.’’ स्कॅनरवर ‘यू’ने सुरू होणारे कोड होते, म्हणजे कुणाचं तरी बोलणं तुटलेलं. स्कॅनर इथपर्यंतच येतो. कोण बोलत नाही ते सांगतो, का बोलत नाही ते नाही.

नव्या गाडीतले हे डबे एकमेकांशी बोलतात ते पीळ दिलेल्या दोन तारांवरून. ही कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीनं १९८६ मध्ये पुढे आणली. गावात दवंडी द्यावी तसा निरोप सगळ्यांच्या कानी पडतो, ज्याचं काम असेल तो उठतो. शांततेत दोन्ही तारांवर साधारण अडीच व्होल्ट असतात. बोलणं सुरू झालं की एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. दोन्ही समांतर, म्हणून बॅटरी काढून स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरवर मीटर धरला की ६० यायला हवेत.

या गाडीत १२० आले. एक टोक गायब होतं. त्या गाडीत एक रेझिस्टर ईसीएमच्या आत असतो. ईसीएमचा कपलर काढून पाहिला, तरी आकडा १२०च. म्हणजे ईसीएम आधीपासूनच ओळीबाहेर होता आणि तुटलं होतं सॉकेट ते ईसीएम या मधल्या वाटेत. ती वाट डाव्या सीटच्या पायाशी गालिच्याखालून जात होती. तिथल्या कपलरमध्ये पिना हिरव्या पडलेल्या. नव्या घातल्या, तारांचा पीळ जसा होता तसाच दिला. मीटरवर ६० आले.

माझं मत बदललं ते त्या दोन मापांमुळे. जुन्या गाडीत असा तुटलेला धागा शोधायचा तर वायरिंगचा अख्खा लूम उकलावा लागे. इथं एका सॉकेटशी बसून अर्धी गाडी संशयातून बाद झाली. आणि कॉम्प्युटरला आम्ही ज्या गुन्ह्यासाठी धरत होतो, तो तांब्याचा निघाला.

तरी जुना बल्बवाला टेस्टर मी फेकलेला नाही. डिजिटल मीटर इतका कमी करंट ओढतो की एका धाग्यावर लोंबणारी तारही त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. बल्ब लावा, पेटणार नाही. (सेन्सरच्या पाच व्होल्टच्या तारेला मात्र तो बल्ब कुणी लावू नये. नव्या पोरांना मी आधी हेच बजावतो.) वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांत मी पहिला संशय अर्थच्या तारेवर घेतो. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या धातूला लावायची आणि सेल्फ मारायचा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बोल्टखाली घाण आहे. पार्टाच्या दुकानात जायचं कारण नाही.

एका बाबतीत मात्र मी तिळभर हललेलो नाही: कंपन्या माहिती बाहेर जाऊ देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या मेकॅनिकपर्यंत पोहोचत नव्हती. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं. माझ्याकडे वायरिंगचा नकाशा अजून मित्राच्या मित्राकडून मोबाईलवर येतो, धूसर, अर्धा कापलेला. कुठल्या गाडीत रेझिस्टर कुठल्या डब्यात बसवलाय, हे ठाऊक नसेल तर तो १२० चा आकडा वाचून उपयोग काय? पूर्वी माझा सगळा राग त्या डब्यांवर निघत असे. आता तो या न मिळणाऱ्या नकाशांवर आलाय.

शोधण्याचेही पैसे असतात, हे गिऱ्हाइकाला पटवणं वेगळंच. पार्ट बदलला की तो हातात देता येतो, त्याला पैसे द्यायला काही वाटत नाही. दोन पिनांचे किती घ्यायचे? घाटंजीच्या मालकांनी ईसीएमचे पैसे वाचले म्हणून चहा पाजला आणि बिल पाहून म्हणाले, ‘‘एवढे काऊन? तारच त जोडली.’’ तेव्हापासून बिलात ‘शोधण्याची मजुरी’ अशी वेगळी ओळ लिहितो. घासाघीस नेमकी त्याच ओळीवर होते.